पाणथळीवरचा डंपर

उद्यानामागच्या पाणथळीत भराव टाकायला सकाळीच पहिला डंपर आला. बिल्डरला तिथे इमारती हव्या होत्या. प्रकरण अजून कोर्टात होतं. माझ्यासोबत फिरायला आलेल्या शेजारच्या सुमनताई सरळ डंपरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"आजी, बाजूला व्हा! मला वरून ऑर्डर आहे," ड्रायव्हर ओरडला.

"मग वरच्यांनाच बोलाव. मी इथेच आहे."

इंजिन गुरगुरत राहिलं. मागे पाण्यात बगळे निवांत चालत होते. जागा सगळ्यांची असते म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता.

अखेर ड्रायव्हरने गाडी मागे घेतली. "उद्या पुन्हा येणार!"

"आम्हीही येऊ," ताई म्हणाल्या, आणि मटकन चिखलातच बसल्या.