डब्यातलं माप

मला धीर नावालाही नाही. बायको म्हणते, चहा उकळेपर्यंतसुद्धा तुम्ही एका जागी उभे राहत नाही. आणि धंदा धरला तो कवळ्यांचा.

महाडच्या एका दवाखान्यात मी कवळ्या बनवायचो. हिरड्यांचं माप घ्यायला ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरायचा, तोंडात दाबून धरायचा, रबरासारखा घट्ट झाला की काढायचा आणि लगेच त्यात प्लास्टर ओतायचं. लगेच म्हणजे लगेच. उघडं राहिलं तर माप आकसतं, पाण्यात ठेवलं तर फुगतं. सुतभर फरक पडला की कवळी तोंडात नाचते.

पोलादपूरच्या शाळेत आमचं शिबिर होतं. तिथे बौद्धवाडीतले एक निवृत्त गुरुजी आले, सोबत त्यांची बायको. वाडीतल्या प्रत्येक लग्नात त्रिसरण-पंचशील गुरुजीच म्हणायचे. पंधरा दिवसांवर नातीचं लग्न आणि तोंडात एकही दात नाही. "शब्दाऐवजी वाराच येतो," ते म्हणाले. माप झकास निघालं. प्लास्टरचा डबा शोधायला गेलो, तर तो मी महाडलाच विसरलेला.

डॉक्टर आत दात काढत होते. त्यांना काही न बोलता मी माप ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि स्टँड गाठला. गुरुजी नि आजी बस्ता बांधायला महाडलाच निघाले होते. एस.टी. काही हलेना. पुडकं आजींच्या मांडीवर ठेवून मी खाली उतरलो, कंट्रोलरशी हुज्जत घातली, येरझारा घातल्या. अर्ध्या तासाने वर चढलो, तर माप आजींच्या भाकरीच्या डब्यात, पाण्यात बुडवलेलं.

"फडका सुकलेला रे," आजी म्हणाल्या. "अबोलीची फुलं ठेवतो तसा ठेवला."

मी कपाळाला हात लावला. खरं तर माप त्याआधीच हातचं गेलं होतं. महाडला उतरून दहा मिनिटांत नवीन घेता आलं असतं, पण मग ते डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं आणि त्यांनी विचारलं असतं, पहिल्याचं काय झालं? मी त्याच मापात प्लास्टर ओतलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी कवळी बसवली. गुरुजी बोलायला लागले की ती टाळूवरून सुटायची. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "आजींनी माप पाण्यात ठेवलं," मी पटकन बोलून गेलो. खोटं नव्हतं, त्याचीच जास्त लाज वाटते.

"चुकलं, साहेब," आजी म्हणाल्या.

लग्नाला मलाही बोलावलं होतं. गुरुजींनी दोन शब्द उच्चारले आणि कवळी खाली आली. त्यांनी ती काढून आजींच्या हातात दिली आणि नुसत्या हिरड्यांनी सगळं म्हटलं. वाडी त्यांच्या मागून म्हणत होती, कोणी हसलं नाही. नंतर आजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातानं झाला रे." प्लास्टर मीच विसरलो, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. "पुन्हा माप घेऊ," एवढंच म्हणालो.

पुढच्या आठवड्यात घेतलं. या वेळी प्लास्टर आधीच हाताशी काढून ठेवलं होतं. "आजी, जरा हा ट्रे धरा," मी म्हणालो. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या, "माझा हात नको लागायला."