साच्याला आरती

क्लबच्या त्या स्पर्धेत मी शेवटून तिसरी आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी हळूच विचारायला नको. पण मी झाडलेली प्रत्येक गोळी माझ्या परसात, माझ्या साच्यात, मी स्वतः ओतलेली होती, आणि स्पर्धेची अटच तशी होती. नेम चुकला त्याचं मला काही वाटत नाही. ज्या भांडणात मला हरायचं नव्हतं ते रेंजवर नव्हतंच. ते इथे परदेशात, आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या घरात होतं, खंडेनवमीच्या पाटावरच्या वीतभर जागेसाठी.

नेमबाजी मला पन्नाशीत लागली. ऑफिसच्या एका आउटिंगला सगळ्यांनी गंमत म्हणून रायफल हातात घेतली आणि ठेवून दिली. माझ्या हातातून ती सुटेना. दिवसभर मीटिंगमध्ये दहा जणांचं ऐकून घेणाऱ्या बाईला श्वास रोखून एकाच ठिपक्याकडे बघत राहायला मिळतं, ते सुख कुणाला काय समजावणार? मग रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं, भिंतीला तिजोरी बसवून घेतली. नवऱ्याने विरोध केला नाही. त्याने त्याहून वाईट केलं, तो ही गोष्ट लपवू लागला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी मला विचारलं, "वीकेंडला काय करतेस गं?" की हाच मध्ये पडून "गार्डनिंग" म्हणायचा. आमच्या परसात कढीपत्त्याचं एक झाड आहे. तेही आपल्या हिमतीवर जगतंय.

आमच्या क्लबात जुन्या पद्धतीच्या रायफलींची एक स्पर्धा असते. तिला शिशाच्या गोळ्या लागतात आणि त्या ज्याच्या त्याने ओतायच्या असतात. मी साचा मागवला. लोखंडाचे दोन ठोकळे, त्यांच्यात गोळीच्या आकाराची खाच, लांब लाकडी मुठी. वितळलेलं शिसं वरून ओतायचं, थिजलं की मुठी फाकवायच्या, आणि गोळी आपसूक खाली पडायला हवी. साचा हातात घेतल्याबरोबर माझ्या मनाने ठरवून टाकलं की हे तर आप्पेपात्र. खळग्याला तेलाचं बोट फिरवल्याशिवाय काही सुटून येत नाही, हे लग्नाआधीपासून आप्पे करणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. मी बोट फिरवलं, तेही सढळ हाताने.

गोळ्या निघाल्या त्या खारकांसारख्या सुरकुतलेल्या. अर्ध्या तर साच्यालाच धरून बसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं मी त्या डबीत भरून क्लबात नेल्या. तिथे पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा आहे, सगळ्यांच्या चुका निस्तरणारा.

"तेल? ओ नो, लव्ह," तो म्हणाला. तेलाचा धूर होतो आणि शिसं खाचेला नीट भिडत नाही, हे त्याने समजावलं. साचा साबणाने घासून कोरडा ठणठणीत करायचा आणि मग आतून काजळीचा पातळ थर द्यायचा, म्हणजे गोळी सुटून येते. मग आवाज उतरवून म्हणाला, "माझ्यातल्या देतो तुला थोड्या. नोबडी विल नो."

"आय विल," मी म्हटलं. माणूस वाईट नाही तो. पण आयुष्यभर माझ्याशी असंच बोललं गेलंय, की तू राहू दे, आम्ही करून देतो. मला त्याचा वीट आलाय.

म्हातारा काजळीसाठी काड्यापेटी वापरायचा. मी वापरली तर काजळी कुठे बसली, कुठे बसली नाही. मग एका गुरुवारी आरतीचं ताम्हन घासताना माझा हात थांबला. कापूर जळतो त्याच्या मागची ती काळी पुटं! चोथ्याने जात नाहीत, चिंचेने जात नाहीत. इतकी वर्षं मी जिला शिव्या घालत आले ती काजळी कोरडी, मऊ आणि एकसारखी होती. मी कापराची डबी उचलली आणि तडक परसात गेले.

शिसं विषारी, म्हणून ते काम कायम बाहेर, वाऱ्यात, हातमोजे घालून. साच्याला हळूच ठोकायला मी एक जुनं लाटणं घेतलं होतं, ते पुन्हा कधी घरात आलं नाही. कापराच्या ज्योतीवर साच्याचे दोन्ही भाग धरले, शिसं ओतलं, थिजू दिलं, साचा उघडला. लाटणं लागायच्या आतच गोळी खालच्या पंच्याच्या घडीवर पडली, टप्प. गुळगुळीत आणि लखलखीत, अंगावर एक सुरकुती नाही. मला इतका आनंद झाला की मी परसात एकटीच हसत उभी राहिले.

नवरात्रात सासूबाई पुण्याहून आल्या आणि दोन दिवसांत त्यांना देवाची कापराची डबी परसातल्या बाकावर सापडली, रिकामी.

"देवाचा कापूर तू बंदुकीला लावलास?"

"बंदुकीला नाही आई, साच्याला."

नवरा म्हणाला, "बास आता. आई इथे आहे तोवर तरी ते सगळं बंद ठेव."

"आई जानेवारीपर्यंत आहेत. स्पर्धा येत्या रविवारी आहे."

"मग नाही खेळायची."

मी वाद घातला नाही. इंडियन स्टोअरमधून कापराची नवी मोठी डबी आणून देवापुढे ठेवली.

खंडेनवमीला नवऱ्याने नेहमीप्रमाणे पाट मांडला. त्यावर त्याचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, ड्रिल मशीन, नर्सिंग शिकणाऱ्या लेकीचा स्टेथोस्कोप. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडू. पूजेनंतर हत्याराला त्या दिवशी विश्रांती द्यायची असते, पण लॅपटॉपला दर वर्षी दहाचा कॉल असतो. त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढत नाही. मी घासून कोरडा केलेला साचा घेऊन आले.

"ते नको," नवरा म्हणाला.

"का?"

"शस्त्राचा प्रकार आहे तो."

"मग आज दुसरं काय पुजतात?"

"शी'ज गॉट अ पॉइंट, बाबा," लेक म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाला पुजायला काय कमी आहे? लाटणं ठेव."

"लाटणंही आता साच्याकडेच कामाला आहे, आई."

मी लॅपटॉप वीतभर सरकवला आणि त्या जागेत साचा ठेवला. सासूबाईंनी सवयीने कुंकवाचं बोट पुढे केलं, की तो बाजूला करायला हात नेला, मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, "याला कुंकू चालत नाही, फूल नको, तेल तर नकोच. याला फक्त कापूर."

त्यांनी ताम्हनात कापूर पेटवला आणि आरती सुरू केली. देवापुढे सुरू झालेली आरती अर्धवट सोडणाऱ्यांपैकी त्या नाहीत, हे मला ठाऊक होतं. आरती संपली. ताम्हन पाटापुढे आलं, कापूर अजून चांगला जळत होता. ज्योत घ्यायला सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले. मी साचा उचलला, उघडला आणि आधी ज्योतीवर धरला.

"हे काय चाललंय?" नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. काजळी हळूहळू खाचेत बसत होती.

"झालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"एक बाजू झाली. दुसरी राहिलीय."

त्या हात तसेच पुढे धरून थांबल्या. मी घाई केली नाही.