एकाच घरातली सोयरीक

दुपारी अंगणात बसून मी आणि बायको मटर सोलत होतो. थंडीत घमापुरात घरोघरी हेच काम. शेंग तिच्या हातात थरथरायची. अंगठ्याने दाबली की अर्धे दाणे ताटलीत, अर्धे माझ्या पायजम्यावर. मी वेचून तोंडात टाकले तर म्हणाली, "सोलून राहिले का चरून राहिले?" आवाज इतका बारीक झाला होता की टोमणा ऐकायलाही कान जवळ न्यावा लागे.

मग म्हणाली, "संक्रांतीला पोरगा-पोरगी दोघं येतीन. मीच सांगीन त्यांना. शब्द मी दिला होता, मीच वापस घेईन. तुम्ही मधात बोलू नका जी."

"बरं," म्हटलं.

गोळी खाऊन ती खाटेवर आडवी झाली. संध्याकाळी चहा घेऊन गेलो तर संपलं होतं.

शब्द कोणता ते सांगतो. नातीच्या बारशाला, म्हणजे माझ्या मुलाच्या मुलीच्या, तिने पाळण्याला हात लावून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "ही माझ्या लेकीच्या पोराची." आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच असतो. ती स्वतः माझ्या मामाची मुलगी. तिची आई पण तिच्या बापाच्या मामाची मुलगी. भाषावार राज्यं झाली तेव्हा नागपूर महाराष्ट्रात गेलं, आम्ही कारखान्याच्या नोकरीपायी इकडे हिंदी मुलखात राहिलो. इथे मराठी सून कुठून आणायची? मामा होता, मामाला पोरगी होती. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावायच्या, "हाय राम, भाई-बहन की शादी!" ती म्हणायची, "हमारे में ऐसाच होता है, दीदी," आणि पापड लाटत राहायची.

चाळिशी गाठायच्या आत तिचा हात हलायला लागला. पुढे पाय अडायला लागले. उंबरठ्याशी येऊन खिळल्यासारखी उभी राहायची. मी माझा पाय आडवा टाकायचो. तो ओलांडायचा म्हटलं की मात्र पाऊल उचलायची. मोकळ्या जमिनीवर अडणारी बाई समोर आडवं काही आलं की चालते, हे काहून होते ते मला अजून समजलं नाही.

राइट टाउनच्या डॉक्टरांनी पहिल्याच वेळी विचारलं होतं, "रिश्तेदारी में शादी हुई है?" आम्ही दोघांनी मान हलवली, नाही. खोटं नव्हतो बोललो. मामाचं गोत्र वेगळं, घराणं वेगळं. त्याला आम्ही रक्तातलं लग्न मानतच नाही. पुढची सगळी वर्षं गोळ्यांत गेली. मागच्या पावसाळ्यात डॉक्टर सहज म्हणाले, "माताजी, इन्होंने आपकी बहुत सेवा की." ती हसून म्हणाली, "करेंगे नहीं तो क्या, मेरी बुआ के लड़के हैं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

दोघांचं रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. दिवाळीनंतर त्यांनी बसवून समजावलं. मेंदूत काही पेशी डोपामिन नावाचं द्रव्य बनवतात, त्याच्या जोरावर मेंदूचा हुकूम हातापायांना नीट पोचतो. त्या पेशींत बारक्या भट्ट्या असतात. बिघडलेली भट्टी काढून फेका, हे एका जीनमध्ये लिहिलेलं असते. त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. एक खराब निघाली तरी दुसरीवर भागते. हिच्या दोन्ही खराब, कारण आई-बाप एकाच घरातले, तीच खोट दोन्हीकडून आली. बिघडलेल्या भट्ट्या आतच धुमसत राहिल्या, पेशी मेल्या, डोपामिन आटलं. मी जन्म कारखान्याच्या भट्टीवरच काढला, एवढं मला समजते.

माझ्या रक्तात ती खोट नव्हती. म्हणून दोन्ही मुलांकडे एक-एकच खराब प्रत गेली, त्यांना बहुतेक काही होणार नाही. "पर इन दोनों के बच्चों की आपस में शादी मत करना," डॉक्टर म्हणाले. नातवंडांच्या पोरांत दोन्ही खराब प्रती पुन्हा भेटू शकतात.

ऑटोत ती एकच बोलली, "लेक ऐकणार नाही. तिनं साड्या घेऊन ठेवल्या."

ती गेली त्या रात्री लेक सिहोऱ्याहून बसने आली, मुलगा नागपूरहून पहाटे पोचला. सकाळी तिला न्यायची तयारी झाली. गल्ली भरलेली. लेक आईचा हात धरून बसली होती. तो हात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्थिर होता. ती रडत म्हणाली, "आई, तू काळजी नको करू. उन्हाळ्यात लग्न लावून टाकतो. तुझा शब्द मोडणार नाही."

"मोड," मी म्हटलं.

ती पाहतच राहिली. "बाबा?"

"हे लग्न होणार नाही. तुझ्या आईनंच शब्द परत घेतला. संक्रांतीला सांगणार होती."

"आज बोलायचं हे? इथे?"

"प्रेतासमोर शब्द देऊन राहिली तू. उद्या बोललो तर मानशील?"

मागून कोणी म्हणालं, "दादाजी सदमे में हैं." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुलाला म्हटलं, "हिचा रोग तुम्हा दोघांत अर्धा-अर्धा आहे. तो जोडायचा नाही." त्याने बहिणीच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. लेकीने आईचा हात हळूच तिच्याच छातीवर ठेवून दिला.

मग आम्ही तिला उचललं. मी पुढे होतो. उंबरठ्याशी आलो आणि सवयीने माझा पाय आडवा गेला.

"बाबा, चला," मागून मुलगा म्हणाला.

मी पाय काढून घेतला.