बाटलीवरचं नाव

"मॅडम, रिपोर्ट चांगला आलाय. कॅप्सूल बंद केल्यात आम्ही."

धोंडूच्या वडिलांनी लिफाफा टेबलावर ठेवला. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. मला मात्र धडकी भरली.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नाशिकला कॉलेज रोडवर माझा लहान मुलांचा दवाखाना होता. धोंडू तीन वर्षांचा, देवळ्याजवळच्या एका गावचा. वडील तिथल्याच शाळेत शिक्षक. आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली, म्हणून याचं नाव मुद्दाम धोंडू ठेवलेलं. असल्या दगडाधोंड्यावर कुणाची नजर जाणार, असा त्यामागचा विचार.

मुलगा सतत खोकायचा आणि भरपूर खाऊनही वाळत चालला होता. त्याची आई एकदा सहज बोलून गेली, "याचा मुका घेतला की खारट लागतं." मी त्याच्या कपाळाला ओठ लावले. मीठ चोळल्यासारखं कपाळ होतं. सिस्टिक फायब्रोसिसची ही जुनी खूण. या आजारात घामातून मीठ जास्त जातं, छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो आणि अन्न पचवणारा रस आतड्यापर्यंत पोचत नाही. तो रस कॅप्सूलमधून द्यावा लागतो. मुंबईला घामाची टेस्ट करवली, पॉझिटिव्ह आली. मग खात्रीसाठी जेनेटिक टेस्टला रक्त पाठवलं. त्याचा हा रिपोर्ट.

प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच हा आजार होतो. एकच बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत राहतो, त्याला कॅरियर म्हणतात. रिपोर्टमध्ये बिघाड एकच होता. सरांनी तो घरी वाचला आणि आपल्या मनानं औषध थांबवलं. त्याला पंधरा दिवस झाले होते!

"सर, लॅब ठरावीक बिघाडच शोधते. दुसरा निसटला असेल. घामाची टेस्ट पॉझिटिव्ह आहे ना? कॅप्सूल आजच सुरू करा. नाहीतर हे पोर हातचं जाईल. आणि उद्या त्याला घेऊन या, परत रक्त पाठवू."

दुसऱ्या दिवशी सरांची शाळा होती. आजी मुलाला घेऊन आली. माझी असिस्टंट शोभा हिने नेहमीप्रमाणे केसपेपर बघून जांभळ्या टोपणाच्या बाटलीवर धोंडूच्या नावाचं लेबल आधीच चिकटवून ठेवलं होतं. ओपीडीत गर्दी असली की आम्ही असंच करायचो.

मूल टेबलावर बसलं. धोंडूचा नेहमीचा पिवळा शर्ट, तीच कानटोपी, गालावर तीच काजळाची तीट.

"नाव काय रे तुझं?"

त्याने आधी आजीकडे पाहिलं. मग म्हणाला, "धोंडू."

मी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. आवाज स्वच्छ. घरघर नाही, काही नाही. खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण माझ्या अंगावर काटा आला. पंधरा दिवस औषध बंद असलेलं पोर हाताला चांगलं भरलेलं लागत होतं. मी वाकून कपाळाला ओठ लावले. पावडरची चव आली. मीठ नव्हतंच.

तेवढ्यात धोंडू खोकला.

समोरचं मूल तोंड मिटून बसलं होतं. तो ओला, पोटातून ओढल्यासारखा खोकला, जो मी कुठेही ओळखला असता, दाराबाहेरून येत होता. खोटं कशाला सांगू, क्षणभर मी घाबरले. शोभाच्या हातातली सुई तशीच राहिली.

मी दार उघडलं. बाहेरच्या बाकावर धोंडूची आई त्याला पदराखाली घेऊन बसली होती. मला बघताच ती रडायला लागली आणि रडतरडतच तिने सगळं सांगितलं.

आत बसलेला होता चुलतभाऊ, बाळू. दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या, त्यामुळे मुलं एका साच्यातली. पहिल्या वेळीही रक्त बाळूचंच गेलं होतं. लॅबचं काहीच चुकलं नव्हतं. बाळू कॅरियर होता आणि रिपोर्ट तेच सांगत होता. सरांना यातलं काही माहीत नव्हतं.

"आजी, असं का केलंत?"

"बाई, दोन गयात," आजी तिच्या अहिराणीत म्हणाली. "दोन्हीसनं रगत काढं, बाटलीवर नाव लिखं. आठ दिनमा गयात. नाव वाचीसन येस ती. तिसरा नही देसू."

नाव वाचून येणारी 'ती' कोण, हे मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "आणि बाळूला काही झालं असतं तर?"

"त्यानं नाव कोठे लिखेल शे? रगत एकनं, नाव दुसरानं, तिले कोन सापडी?"

मला भयंकर राग आला होता. तिच्यावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर, कारण बाटलीवर नाव लिहिताना मुलाकडे आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं. पण मी ओरडले असते तर धोंडू परत दिसला नसता. मी ते लेबल फाडलं. कोरी बाटली घेतली आणि तिच्यावर रजिस्टरमधला नंबर टाकला, सत्तेचाळीस.

"नाव नाही लिहिलं. आता चालेल?"

आजीने बाटली उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. सुनेने मान हलवली तेव्हा म्हणाली, "ल्या."

सत्तेचाळीसचा रिपोर्ट आला. दोन्ही प्रती बिघडलेल्या. सर माझ्यासमोर बसून ढसाढसा रडले, मग डोळे पुसून कॅप्सूल कशी द्यायची, छाती कशी थोपटायची, ते वहीत लिहून घेतलं. वजन हळूहळू चढलं.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात लेबल रक्त काढून झाल्यावरच लागतं, तेही मुलाचा चेहरा बघून. हा या प्रकरणाचा धडा. नव्या असिस्टंटला मी तो पहिल्या दिवशीच देते.

धोंडू पुढे शाळेत जायला लागला. दर काही महिन्यांनी त्याचं रक्त तपासावं लागायचं. मध्यंतरी आजी वारली. त्यानंतर आला तेव्हा ट्रेमधल्या बाटल्या वाचत त्याने विचारलं, "मॅडम, सगळ्यांची नावं आहेत. माझंच का नसतं?"

शोभा पेन उघडून माझ्याकडे बघत उभी होती. आता अडवणारं कुणी नव्हतं.

"सत्तेचाळीसच लिही," मी म्हणाले.