बुटांतली पुरवणी

"तुझा दादा पडला गं," वहिनी फोनवर म्हणाली, तेव्हा मी विचारलं, "कुठला पाय?" पळणारा माणूस पडला म्हणजे पाय मुरगळला असणार, एवढंच डोक्यात आलं. घाटकोपरहून मुलुंडला पोचेपर्यंत मी बर्फाच्या पिशवीचाच विचार करत होते... दादा तोवर गेलेला होता. रविवारचा सराव करताना, पळता पळता, हृदयविकाराने.

आमचे बाबाही असेच, ऐन उमेदीत गेले. दादा तेव्हा कॉलेजात होता. नोकरी लागल्यावर तो पळायला लागला ते बाबांच्या वाटेनं जायचं नाही म्हणूनच. पुढे मॅरेथॉनची पदकं दारामागच्या खुंटीला लटकली, दार उघडलं की खणखणायची. सराव करून आला की घामानं भिजलेल्या बुटांत तो वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचा, ओल शोषली जावी म्हणून. त्यातही पुरवणीच हवी, कारण तिच्यात मी लिहिते. "तुझं लिखाण माझ्या बुटांना जाम आवडतं," म्हणायचा. मी चिडायचे. वहिनी मात्र माझा लेख वाचून झाल्याशिवाय पान त्याच्या हाती द्यायची नाही.

गेली काही वर्षं त्याच्या रक्ततपासणीत एकच खोट निघायची, चांगलं कोलेस्टेरॉल कमी. त्यावर दादाचा घरगुती उपाय ठरलेला: आकडा खाली आला की पळणं वाढवायचं. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, "पळून सगळ्यांचंच वाढत नाही. वडिलांचं लक्षात घ्या आणि हृदय एकदा नीट तपासून घ्या." घरी येऊन हा हसत सुटला. "मी बेचाळीस किलोमीटर पळतो यार, आणि माझं हृदय तपासायचं?"

"माझ्यासाठी तपासून घे ना रे," वहिनी म्हणाली.

"एवढी मॅरेथॉन होऊ दे. मग तू म्हणशील तिथे येतो."

छातीतली जळजळ त्यानं पित्तावर ढकलली आणि सोलकढी पीत राहिला. मला त्याचा राग येतो, अजूनही येतो. मग वाटतं, हसत होता खरा, पण आतून त्या तपासणीला भीत असेल. बाबांचंच काहीतरी आपल्यात निघालं तर... हे तो कुणाशी बोलला नाही, माझ्याशीसुद्धा नाही.

त्या दिवशीचे बूट हॉस्पिटलातून पिशवीत परत आले. परवा मुलुंडला गेले तर ते दाराशी, नेहमीच्या जागी. वहिनी खाली बसून त्यांतले जुने बोळे काढत होती आणि पुरवणीचं पान चुरगाळून नवे भरत होती.

"वहिनी, कोरडेठाक झालेत गं ते."

"माहितेय," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "त्याच्यावर लिहितेयस ना? कधी येणार छापून?"

"येत्या रविवारी."

म्हणजे आज. ती हे आधी वाचेल, नेहमीसारखं, आणि मग पान चुरगाळेल. दादा, तुझ्या बुटांना आवडेल ना रे हे?