जराबघा मावशींचं अर्धवट पीठ

आमच्या खालच्या मजल्यावर जराबघा मावशी राहतात. खरं नाव त्यांना आहे, पण ते त्यांच्या नवऱ्यालाही घटकाभर आठवावं लागत असेल. दारात उभ्या राहिल्या की "अहो, हे जरा बघा" याशिवाय त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघत नाही, म्हणून जिन्यातल्या पोरांनी हे नाव ठेवलं आणि बघता बघता ते आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत जाऊन पोचलं. मावशींना त्याचं काही वाटत नाही. फोनवर त्या स्वतःच "मी जराबघा बोलतेय" म्हणाल्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आणि जे बघायचं ते नेहमी अर्धवट असतं. मळलेलं पण न लाटलेलं पीठ. सोललेले पण न चिरलेले बटाटे. एकदा तर केकचं मिश्रण घेऊन आल्या, त्यात अंडी फोडायची राहिली होती आणि अंडी एप्रनच्या खिशात होती. ज्या घरात नुकतं मूल झालंय, किंवा एखादी आई लहान पोरांना घेऊन दिवसभर चार भिंतींत अडकलीय, त्या घराची बेल त्या हमखास वाजवणार. भांडं हातात देणार, "मला जरा घाई आहे" म्हणणार आणि निघून जाणार.

मी पडले शिवणारी बाई. अर्ध्या टिपेवर मशीन सोडून मी कुणासाठी उठत नाही. उसवलेला काठ दिसला की माझा हात आपोआप सुईकडे जातो, मग तो काठ परक्या माणसाच्या अंगावर का असेना. तेव्हा मावशींबद्दल माझा शेरा ठरलेला होता. बाई मनाने चांगली, पण धांदरट.

तशा त्या धांदरट आहेतच, ते काही मी मागे घेत नाही. रविवारच्या उपासनेला त्या दुसरं गीत सुरू झाल्यावर येतात. गायनवृंदात सगळे थांबले की त्यांचा एक सूर मागून एकटाच पोचतो. माझ्या डब्याचं झाकण त्यांच्याकडे आहे आणि त्यांनी मला परत दिलेलं झाकण कुणाचं आहे हे त्यांनाही माहीत नाही. त्यांच्या ओव्हनचं दार नीट लागत नाही, म्हणून त्याला खुर्ची टेकवतात, आणि खुर्ची सरकू नये म्हणून तिच्यावर माणूस बसवतात. नवरा बस चालवतो. दिवसभर स्टिअरिंगमागे बसून घरी आला, की नाताळच्या दिवसांत त्याला पुन्हा केकसाठी बसावं लागतं. तो बिचारा तिथेच डुलक्या काढतो.

दोन खोल्यांत त्यांनी चार मुलं वाढवली. नोकरी कधी केली नाही. कुणी विचारलं, की "मी घरीच असते" असं त्या इतक्या ठसक्यात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाई कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर आहेत.

तर गेल्या वर्षी आमच्याकडे नात झाली, आणि माझी सून गप्प झाली.

ही सून म्हणजे मुळात बडबडी. प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात काउंटरवर होती. संध्याकाळी घरी आली, की गिऱ्हाइकांच्या नकला करून हसवायची. मूल झाल्यावर तिने नोकरी सोडली, आपल्या मर्जीने सोडली, आणि मग हळूहळू आतल्या खोलीतच राहायला लागली. बाळाचं सगळं वेळच्या वेळी करायची, पण परक्याची ठेव सांभाळावी तसं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या, वेळ लागेल म्हणाल्या. मी काही विचारलं की तिचं एकच उत्तर, "तुम्हीच करा आई, तुमचं छान होतं."

नाताळ जवळ आला तेव्हा म्हणाली, "चर्चला तुम्ही सगळे जा. मी घरीच थांबते." आणि नाताळ झाला की बाळाला घेऊन माहेरी जाणार होती. परत कधी येणार, ते ना ती बोलत होती, ना तिला विचारायची माझ्या मुलाला छाती होत होती. ती गेली ती गेलीच, ही धास्ती माझी पाठ सोडत नव्हती. माझा तिच्यावर जीव आहे. तिला तो माहीत असेल असं मी धरून चालले होते.

मग मी कंबर कसली. स्वयंपाक मी, दुपटी मी, बाळाची आंघोळ मी. चहासुद्धा तिच्या हातात नेऊन द्यायची. तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. अशी सासू शोधून सापडणार नाही, असं चर्चमधल्या बायका म्हणायच्या, आणि मी नको नको म्हणत ते ऐकून घ्यायची.

अशात एके सकाळी मावशी दारात. ओल्या फडक्याखाली बिस्किटांचं पीठ.

"सूनबाईंना म्हणावं, हे जरा बघा. लाटून, कापून, भाजून ठेवा म्हणावं. मला गाण्याच्या सरावाला जायचंय."

मी भांडं घेतलं. सून पडून होती. लाटणं काढलं, बिस्किटं कापली, भाजली, आणि दुपारच्या आत एकसारखी, एका रंगाची बिस्किटं डब्यात रचून खाली नेऊन दिली. मावशींनी झाकण उघडलं. "सुरेख झालीत हो," म्हणाल्या, पण चेहरा कडू औषध घेतल्यासारखा.

दोन-तीन दिवसांनी खजूर घेऊन आल्या. केकमध्ये घालायचा, बिया काढून द्यायच्या. या वेळी थेट आतल्या खोलीत गेल्या, सुनेजवळ बसल्या, बाळाला घेतलं, गप्पा मारल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरात मी सगळ्या बिया काढल्या आणि खजुराचे तुकडेही करून टाकले. बाहेर येऊन त्यांनी भांड्यात पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. मावशी काही बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. ओव्हनमध्ये केक होता. "ताई, बसा," म्हणाल्या आणि मला त्या खुर्चीवर बसवलं. मी बसल्यावर लक्षात आलं, की आता केक होईपर्यंत मला हलता येणार नाही.

"मी ते पीठ कुणाला दिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सुनेला. पण ती पडून असते बिचारी. तिला कशाला त्रास?"

"तिचं सगळं तुम्हीच करता ना?"

"सगळं," मी मानेला झटका देऊन म्हटलं.

"मग ती उठेल कशाला?"

माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठणार होते, पण केक बसला असता. फुगता फुगता खाली बसलेला केक मला कुणाच्याही घरी बघवत नाही. म्हणून मी रागाने लाल होऊन बसून राहिले आणि मावशी समोर स्टुलावर बसून लोणी फेटत बोलत राहिल्या.

"माझं तिसरं झालं ना, तेव्हा मी अशीच होते. चर्चमधल्या बायकांनी डबे पाठवले. गरम, चवीचे, वर स्वच्छ रुमाल बांधलेला. मी दार उघडायचं, आभार मानायचे, दार लावायचं. आभार मानून मानून माझं तोंड दुखायला लागलं, ताई. एकेक डबा यायचा आणि वाटायचं, माझ्यावाचून सगळं किती छान चाललंय. मी नसते तरी चाललं असतं."

त्या हे अगदी सरळ आवाजात म्हणाल्या. हात फिरतच होता.

"मग एक म्हातारी आली. मटारच्या शेंगांची पिशवी घेऊन. म्हणे, मला नीट दिसत नाही, एवढे सोलून दे. मला असा राग आला. बाळंतिणीला कामं सांगते. पण सोलले. ती बाजूला बसून इकडच्या तिकडच्या गोष्टी करत होती. निघताना तिने माझे आभार मानले. कितीतरी दिवसांत माझे कुणी आभार मानले नव्हते. सगळ्यांचे मीच मानत होते."

"तिला खरंच दिसत नव्हतं?" मी विचारलं. राग असला तरी चौकशी सुटत नाही.

"जाताना तिने दाराशी पडलेली माझी टाचणी उचलून दिली."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा आणखी राग आला. मावशींनी फेटायचं भांडं खाली ठेवलं.

"डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू ठेवा. प्रार्थना मी रोज करतेय, तुम्हीही करत असालच. पण देवाला तिच्या हाताने काही करून घ्यायचं असेल, तर मध्ये तुमचे हात नकोत. एवढं जरा बघा."

घरी येऊन मी मावशींना मनातल्या मनात बरंच काही सुनावलं. सुनावता सुनावता सुनेसाठी चहा टाकला, कप भरला, आणि कप हातात धरून तशीच उभी राहिले. मग तो चहा मीच पिऊन टाकला. थोड्या वेळाने सून बाहेर आली, तिने आपला चहा आपण करून घेतला, आणि माझ्याकडे जरा चमकून पाहिलं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी पुन्हा आल्या. मोठं भांडं, ओलं फडकं. ते ओट्यावर ठेवून आतल्या खोलीच्या दारातून म्हणाल्या, "सूनबाई, संध्याकाळच्या उपासनेनंतर पोरांना वाटायची बिस्किटं आहेत. मला गाण्याला जायचंय, आणि आमच्या ओव्हनपाशी बसायला आज घरात कुणी नाही. जरा बघा." जाता जाता त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मशीनवर जाऊन बसले आणि पडद्याची शिवण हातात घेतली.

शिवण कसली, मन सगळं भांड्यात. फडकं वाळत चाललं होतं. पिठावर पापुद्रा धरणार हे मला इथून दिसत होतं. दोनदा उठले, दोनदा बसले. पडद्याची टीप वाकडी गेली, ती उसवली, पुन्हा वाकडी गेली.

शेवटी सून बाळाला खांद्यावर घेऊन पाणी प्यायला आली. भांड्याशी थांबली. फडकं उचलून बोटाने पीठ दाबलं.

"आई, हे वाळतंय."

"वाळू दे," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून निघाला यावर माझाच विश्वास बसेना.

"अहो, पोरांना द्यायचंय ना ते?"

"मला ही शिवण संपवायचीय."

तिने फडकं बाजूला ठेवलं. मग माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "हिला धरा जरा." बाळ माझ्या मांडीवर आलं आणि माझे दोन्ही हात अडकले. बरंच झालं.

तिने पीठ लाटलं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखं पातळ. साचा सापडेना म्हणून वाटीने कापलं. मला सगळं दिसत होतं आणि मी नातीच्या टाळूकडे बघत होते. पहिला ट्रे आत गेला. ती कोपरावर रेलून खिडकीतून खाली बघत राहिली. मला आधी वास आला. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती, ती तिथेच चावून धरली.

ट्रे बाहेर निघाला तो खालून काळा. सून त्याच्याकडे बघत राहिली. आता ती ट्रे तिथेच टाकून आत जाणार, दार लावून घेणार, आणि उद्या-परवा बॅग भरणार, असं मला दिसायला लागलं. "असू दे गं, मी करते" हे शब्द ओठांवर होते. आयुष्यात मी पुष्कळ शिवलं, पण तोंड शिवायला जेवढी ताकद लागली तेवढी कशालाच लागली नसेल.

"आच जास्त झाली," ती स्वतःशीच म्हणाली. बटण फिरवलं, काळी बिस्किटं सुरीने खरवडली, एक तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं, आणि दुसरं लाटायला घेतलं.

दुसरा ट्रे बरा निघाला. तिसरा आत असताना मावशी परत आल्या. त्यांनी दारातूनच सगळं पाहिलं आणि चेहरा असा फुलला की काय सांगू. पण शेवटी त्याही बाईच. ओट्याजवळ गेल्या आणि सवयीने लाटण्याकडे हात नेला. "कड जरा जाड राहिलीय, दे इकडे." त्यांचं बघून माझाही धीर सुटला. बाळाला घेऊन मी उठले आणि म्हटलं, "आणि तो ट्रे आता काढायला हवा गं."

"तुम्ही दोघी बसा बघू तिकडे," सून म्हणाली. चांगली खेकसलीच. "कुणी हात लावायचा नाही. माझं चाललंय ना? संध्याकाळी पोरांना मीच वाटणार आहे, मग जाड झाली तर मला बोलतील."

संध्याकाळी, म्हणजे चर्चमध्ये. ती येणार होती. हे तिने असं जाता जाता सांगून टाकलं आणि पाठ फिरवून ट्रे काढायला वाकली.

आम्ही दोघी भिंतीला लावलेल्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. मी नातीला छातीशी धरून रडायला लागले, आणि मावशी मला कोपराने ढोसत होत्या, की आवाज करू नका, ती काम सोडून बघायला येईल.