मिरची कांडपाची वायर

ताज्या कांडलेल्या मिरचीचा ठसका लागला की शहाद्याची भाड्याची खोली आठवते. नवी नोकरी, एक पंखा, एक दिवा. तरी घरमालकीण मावशी माझ्या मीटरवरून विजेचे बरेच पैसे घ्यायच्या. विचारलं आणि खोली सोडायला सांगितलं तर, म्हणून मागतील तेवढे देत होते. एका दुपारी पंखा बंद असतानाही मीटर पळताना दिसलं. मी मेन स्विच खाली केला, तसं मागच्या पडवीतलं मावशींचं मिरची कांडपाचं यंत्र थांबलं. लाल हातांनी त्या बाहेर आल्या, मीटरकडे बघत राहिल्या. "मन्हा ध्यानमाच उनं नही, पोरी," लक्षातच न आल्याची कबुली देत त्या हळूच म्हणाल्या. "आते दोन महिना भाडं देऊ नको." संध्याकाळी वायरमन बोलावून त्यांनी यंत्राची वायर माझ्या मीटरवरून वेगळी करून घेतली, मी तिथे पुढे सहा वर्षं राहिले. परवा आमच्या स्वतःच्या घराची वरची खोली एका नर्सताईंना भाड्याने दिली. किल्ली देण्याआधी त्यांना मीटर दाखवलं.